काळ्या बाजूचे मानकरी

मराठी मध्यमवर्गीय पुरुषाच्या आयुष्यभर टिकणाऱ्या निष्ठांचा विचार करताना कुलदैवत, शाळा, वर्तमानपत्र आणि आवडता गवई यांची दखल नेहमीच घेतली जाते. मात्र १९८० च्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत रुजलेली आणि आज साठीच्या आसपास पोहोचलेली एक निष्ठा अभ्यासकांच्या नजरेतून निसटली आहे. 'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक समूहाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही १९७३ मधील ध्वनिमुद्रिका हे या निष्ठेचे अधिष्ठान असून, ती पाळणाऱ्या गृहस्थाला येथे सोयीसाठी 'फ्लॉइडनिष्ठ' म्हटले आहे. पुण्यातील कोथरूड, मुंबईलगतचे ठाणे व डोंबिवली, नाशिकचा कॉलेज रोड आणि अमेरिकेतील न्यू जर्सी या प्रदेशांत तो प्रामुख्याने आढळतो. तो संगीताचा सर्वसाधारण रसिक असतोच असे नाही. किंबहुना १९८५ नंतर जगात रॉक संगीताच्या नावाखाली जे काही झाले, त्याविषयी त्याचे मत ठाम आणि माहिती बेताची असते. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी त्याने ४३ मिनिटे काहीतरी ऐकले आणि पुढचे सगळे आयुष्य त्या ४३ मिनिटांची राखण करण्यात घालवले, एवढे त्याचे चरित्र म्हणता येईल.

ध्वनिमुद्रिकेची हकीकत थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे, जरी फ्लॉइडनिष्ठाच्या तोंडून ती थोडक्यात कधीच बाहेर पडत नसली तरी. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन या चौघांनी लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत १९७२ च्या जूनपासून पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत तिचे मुद्रण केले आणि १९७३ च्या मार्चमध्ये ती प्रसिद्ध झाली. तिला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणतात. म्हणजे तिच्यात सुट्या गाण्यांची मोट बांधलेली नसून सर्व रचना एकाच विषयाभोवती गुंफलेल्या आणि बहुतांशी एकमेकींत मिसळून गेलेल्या आहेत. माणसाला वेड लागायची पाळी आणणाऱ्या गोष्टी, म्हणजे हातून निसटणारा काळ, पैसा, प्रवास, मरणाची भीती, आपले आणि परके यांतला झगडा, हा तो विषय. आणि त्यामागे या समूहाचा मूळ नायक सिड बॅरेट याची मनोवस्था ढासळून १९६८ मध्ये त्याला समूहाबाहेर पडावे लागले, ही ताजी जखम होती. अमेरिकेतील खपाच्या २०० क्रमांकांच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका १९७३ ते १९८८ या काळात ७०० हून अधिक आठवडे टिकून राहिली, परंतु पहिल्या क्रमांकावर ती केवळ एक आठवडा होती. स्वतः वर्गात कधी पहिला न आलेल्या आणि तरीही कोणत्याच विषयात नापास न झालेल्या फ्लॉइडनिष्ठाला हे आकडे विशेष प्रिय असतात.

त्याला ओळखण्याची बाह्य खूण म्हणजे काळा टी-शर्ट. त्यावर एक त्रिकोणी लोलक, डावीकडून आत शिरणारा पांढरा किरण आणि उजवीकडे बाहेर पडणारा रंगीत पट्टा असे चित्र असते, जे मुळात 'हिपनोसिस' या लंडनच्या कलासंस्थेने वेष्टनासाठी योजले आणि जॉर्ज हार्डी या चित्रकाराने काढले. वेष्टनावर समूहाचे नाव नाही, ध्वनिमुद्रिकेचे नाव नाही, गायकांची छबी नाही. रविवारी सकाळी हा टी-शर्ट घालून फ्लॉइडनिष्ठ मंडईत जातो, तेव्हा भाजीवाल्याला तो भौतिकशास्त्राच्या एखाद्या शिकवणीवर्गाचा गणवेश वाटतो, आणि त्या गैरसमजात तसे खोटे काहीच नाही, कारण या चित्राची पहिली दीक्षा फ्लॉइडनिष्ठाला नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच मिळालेली असते. वर्णपटातील रंगांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी मराठी शाळांतून 'तानापिहिनिपाजा' हे सूत्र पाठ करून घेतले जाते. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा या सात रंगांची ती आद्याक्षरे होत. वेष्टनावरच्या पट्ट्यात मात्र सहाच रंग आहेत आणि गाळलेला रंग पारवा आहे. ही गोष्ट प्रत्येक फ्लॉइडनिष्ठ केव्हा तरी स्वतःच शोधून काढतो, तीवर निदान एक आठवडा झोप घालवतो, आणि त्यानंतर भेटणाऱ्या प्रत्येकाला वेष्टनावरचे रंग मोजायला लावतो. चित्रकाराने सोयीसाठी एक रंग वगळला असावा हे साधे स्पष्टीकरण त्याला पटत नाही. पारवा रंग म्हणजे बॅरेट, अशी एक उपपत्ती डोंबिवलीकडे प्रचलित आहे.

या निष्ठेच्या प्रसाराचे साधन कॅसेट हे होते आणि त्याचा विचार केल्याशिवाय फ्लॉइडनिष्ठाचा स्वभाव समजत नाही. मूळ तबकडी विकत घेण्याची ऐपत वसतिगृहात कोणाची नव्हती. मस्कत किंवा दुबईला असलेल्या कोणाच्या तरी मामाने आणलेली एक कॅसेट असे, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून किंवा पुढे दुहेरी डेकवर काढल्या जात, आणि प्रत्येक पिढीगणिक टेपची खरखर वाढत जाई. ध्वनिमुद्रिकेचा आरंभ हृदयाच्या ठोक्यांनी होतो, जे शून्यातून हळूहळू वर येतात. पाचव्या-सहाव्या पिढीच्या कॅसेटवर हे ठोके खरखरीखाली साफ बुडालेले असल्यामुळे बहुसंख्य फ्लॉइडनिष्ठांनी ते प्रथम ऐकले ते नव्वदीच्या दशकात, सीडी हाती आल्यावर. तथापि आरंभीच्या ठोक्यांनी आपल्या आयुष्याला कशी कलाटणी दिली, हे सांगताना ते साल १९८६ असेच सांगतात.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. बाजारात ६० आणि ९० मिनिटांच्या कॅसेटी मिळत. त्यांपैकी ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असल्यामुळे ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका एकाच बाजूवर मावे, आणि दुसऱ्या बाजूवर त्याच समूहाची १९७५ मधील 'विश यू वेअर हिअर' ही तितक्याच लांबीची ध्वनिमुद्रिका जणू मापे घेऊन शिवल्यासारखी बसे. परिणामी मूळ तबकडी पाचव्या रचनेनंतर उलटावी लागते, त्या ठिकाणी एक विराम आहे आणि नाण्यांच्या खणखणाटाने दुसरी बाजू उघडते, याचा पत्ता या पिढीला तारुण्यात लागलाच नाही. वयाच्या पन्नाशीत, मुलांच्या फिया भरून झाल्यावर, याच गृहस्थांनी तबकडीचे यंत्र घरी आणले, आणि आता ते तबकडी उलटण्यासाठी सोफ्यावरून उठणे हाच श्रवणाचा गाभा आहे, न उठता ऐकणाऱ्या आजच्या मुलांना या विरामाचे मोल काय कळणार, असे कळकळीने सांगतात. स्वतः त्यांनी तो विराम पहिली तीस वर्षे ऐकलेला नव्हता, याचा त्यांना पडलेला विसर प्रामाणिक असतो.

घरातील वडीलधाऱ्यांशी झालेला संघर्ष हा या चरित्राचा पुढचा टप्पा. ज्या घरात सकाळी रेडिओवर अभंग आणि रात्री शास्त्रीय गायन लागे, तेथे हा आवाज लावण्यासाठी काही शास्त्राधार देणे भाग होते, आणि फ्लॉइडनिष्ठाने तो 'मनी' या रचनेत शोधला. पाश्चात्य संगीतात चार मात्रांचे आवर्तन सर्रास चालते. 'मनी' मात्र मुख्यतः सात मात्रांत बांधलेली आहे, आणि गल्ल्याची घंटी, नाणी व फाटणारा कागद यांचे आवाज टेपच्या तुकड्यांवर घेऊन, ते तुकडे जोडून त्यांचे गोल वेटोळे करून, म्हणजे ज्याला 'टेप लूप' म्हणतात त्या युक्तीने, तिचा आरंभीचा ठेका तयार केला आहे. सात मात्रा म्हणजे रूपक, असा सिद्धांत मांडून फ्लॉइडनिष्ठ आपल्या काकांपुढे बसे. काका तबल्याचे जाणकार असत. ते डोळे मिटून मांडीवर तीन-दोन-दोन असा हात धरत, रूपकाची सम खालीवर येते हे ध्यानात ठेवून दोन-तीन आवर्तने शोध घेत, आणि मग "अरे, याची सम आहे कुठे?" असे विचारत. याचे उत्तर देईपर्यंत गिल्मरच्या गिटारीचा एकल भाग सुरू होई, जो चार मात्रांत आहे. काका मांडीवरचा हात उचलत आणि "पाहिलंस? सुटला ताल," म्हणून चहा मागवत. वाद तेथे संपला असला तरी फ्लॉइडनिष्ठाने रूपकाचा मुद्दा सोडलेला नाही. काका वारल्यानंतर तो मुद्दा बिनविरोध झाला आहे.

आत्यांच्या बाबतीत त्याला थोडे यश मिळाल्याचे दिसते. पहिल्या बाजूच्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय' ही रचना आहे, जिच्यात क्लेअर टोरी या गायिकेने एकही शब्द न उच्चारता केवळ स्वरांनी आक्रोश आणि शांती यांचा प्रवास घडवला आहे. हा आलाप होय, असे तो आत्यांना सांगे. राग कोणता, या आत्यांच्या स्वाभाविक प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नसे, पण आत्या एवढ्यावर न थांबता त्या बाईंना पैसे किती दिले अशी चौकशी करत, आणि ३० पौंड हा आकडा ऐकून त्यांचा सूरच बदले. पुढे २००४ मध्ये टोरी यांनी इंग्लंडमध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्या रचनेच्या कर्त्यांत राइटच्या जोडीने त्यांचे नाव लागले, ही बातमी फ्लॉइडनिष्ठाने आत्यांना मुद्दाम फोन करून कळवली असता, "बरं झालं हो," असा मनापासून उद्गार निघाल्याची उदाहरणे आहेत. या ध्वनिमुद्रिकेविषयी वडीलधाऱ्यांकडून मिळालेली एवढी एकच अनुकूल प्रतिक्रिया.

फ्लॉइडनिष्ठांत पोटपंथ आहेत. वॉटर्स १९८५ मध्ये समूहाबाहेर पडला आणि नावाच्या हक्कावरून उरलेल्यांशी त्याचे भांडण जुंपले, तेव्हापासून शब्द श्रेष्ठ मानणारे वॉटर्सपंथी आणि गिटारीचा स्वर श्रेष्ठ मानणारे गिल्मरपंथी असे तट पडले. ते एकमेकांच्या घरी जेवतात, पण जेवताना बोलतात ते दुसऱ्याच विषयावर. राइटपंथी संख्येने थोडे आणि वृत्तीने सूक्ष्म असतात. 'ब्रीद' या रचनेतील एक स्वरसंगती त्याने माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जाझ ध्वनिमुद्रिकेवरून सुचल्याचे सांगितले होते, एवढ्या आधारावर ते इतर दोन्ही पंथांकडे दयेने पाहतात. ढोल वाजवणारा मेसन हा समूहाच्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत हजर असलेला एकमेव सभासद असूनही त्याचा पंथ निघालेला नाही. सहकारी गृहरचना संस्थांच्या ज्या सचिवांनी अनेक अध्यक्षांचा काळ पाहिला आहे, त्यांना यामागची कारणमीमांसा वेगळी सांगायला नको. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये हे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा सर्व पंथांनी रात्र जागवली, आणि दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी एकमेकांना मिठी मारताना कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर किती वेळ होता यावरून तट पुन्हा पडले.

गोव्यातील चित्र वेगळे आहे आणि ते नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तेथे अनेक घरांत गिटार पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला टेकलेली असते, स्वरसंगती कानावर पडतच मूल वाढते, त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेने कोणाला काही मोठा धक्का बसलेला नाही. कोथरूडचा फ्लॉइडनिष्ठ कामानिमित्त मडगावला गेला, जेवणानंतर विषय काढून बसला, आणि यजमानाने काही न बोलता गिटार उचलून 'ब्रीद' वाजवून दाखवली, की त्याची जी अवस्था होते ती पाहण्यासारखी असते. वाजवणाऱ्याशी वाद घालता येत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे.

त्याच्या संग्रहात या एकाच ध्वनिमुद्रिकेच्या पाच ते आठ प्रती आढळतात. मूळ फितीवरून नव्याने ध्वनी साफसूफ करून काढलेल्या आवृत्तीला 'रीमास्टर' म्हणतात. अशी आवृत्ती निघाली की आधी ऐकू न आलेले काहीतरी आता ऐकू येते, असे फ्लॉइडनिष्ठाचे म्हणणे असते आणि ते ऐकू न येणाऱ्या माणसाचा कान त्याला सदोष वाटतो. २००३ मध्ये पाच ध्वनिक्षेपक व एक खर्जाचा क्षेपक यांसाठी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा दिवाणखान्यातील फर्निचर हलले; कोपऱ्यातील शोकेस माळ्यावर गेली आणि तिच्या जागी डावा मागचा क्षेपक आला. २०११ मधील भव्य संचात तबकड्यांखेरीज एक स्कार्फ, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि चक्क गोट्या होत्या. चाळिशी उलटलेल्या, गृहकर्ज असलेल्या पुरुषांनी आयातशुल्क भरून परदेशातून गोट्या मागवल्या, ही घटना मराठी मध्यमवर्गाच्या अर्थव्यवहाराच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल. पुण्याच्या हवेत स्कार्फ वापरायचे दिवस वर्षातून मोजकेच येतात आणि त्या दिवसांतही तो वापरला तर मळेल म्हणून कपाटातच राहतो. गोट्यांना हात लावल्याबद्दल पुतण्याला रागे भरल्याची एक-दोन उदाहरणे आहेत.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट सूक्ष्म निरीक्षणावाचून लक्षात येत नाही, ती अशी की फ्लॉइडनिष्ठ ही ध्वनिमुद्रिका ऐकत नाही. तो ती लावतो. शनिवारी संध्याकाळी मित्र जमतात, दिवे मंद होतात, हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू यावेत म्हणून भर मे महिन्यात छताचा पंखा बंद केला जातो, सर्वांना गप्प राहण्याची विनंती होते, आणि ठोके सुरू होताच फ्लॉइडनिष्ठ बोलू लागतो. कीर्तनकार मूळ पद म्हणून झाल्यावर त्याचा जो अर्थविस्तार करतो त्याला निरूपण म्हणतात. येथे निरूपण पदाच्या आधी, पदासह आणि पदानंतर अखंड चालते. 'टाइम'च्या आरंभी घड्याळांचा गजर होतो, तो ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात मुद्रित करून आणला होता, आणि तोही मुळात चार बाजूंनी ध्वनी देणाऱ्या 'क्वाड्राफोनिक' पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून, ही माहिती तो गजर वाजत असताना सांगत असल्यामुळे गजर कोणालाच ऐकू येत नाही. मग तो स्टुडिओतील मुलाखतींकडे वळतो. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून जो भेटेल त्याला विचारले, त्यांची उत्तरे जागोजागी पेरली, पॉल मॅकार्टनी आणि त्याची पत्नी लिंडा यांचीही उत्तरे घेतली पण ती फार बेतून दिलेली वाटली म्हणून वगळली, आणि दारावरच्या आयरिश पहारेकऱ्याचे बोलणे मात्र शेवटासाठी राखले. हा भाग तो खरोखर सुंदर सांगतो. मोठ्यांना वगळून पहारेकऱ्याला मान देणाऱ्या निर्णयाचे त्याला मनापासून अप्रूप आहे. फक्त, तो हे सांगत असताना पहारेकरी बोलून जातो.

२००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्सने मुंबईत येऊन वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका सादर केली, तेव्हा तरी या सवयीला खंड पडावा अशी अपेक्षा होती. परंतु तेथेही पुण्याहून बस करून आलेल्या मंडळींतून प्रत्येक रचनेपूर्वी पुढे काय येणार याची घोषणा होत राहिली आणि साक्षात कर्ता मंचावर गात असताना त्या शब्दांचा अभिप्राय शेजारच्या अनोळखी तरुणाला समजावून देण्यात आला. तरुणाने चार रांगा पुढे जाऊन उभे राहणे पसंत केले.

प्रयोगशीलतेचीही थोडी नोंद हवी. १९३९ मधील 'द विझार्ड ऑफ ऑझ' हा हॉलिवूडचा चित्रपट लावून, आरंभीच्या सिंहाच्या तिसऱ्या डरकाळीला ही ध्वनिमुद्रिका सुरू केली, तर दोन्ही एकमेकांशी जुळतात, अशी एक समजूत नव्वदीच्या दशकात अमेरिकेतून पसरली. संबंधितांनी तिचा साफ इन्कार केला आहे. फ्लॉइडनिष्ठही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. त्याने ती फक्त चार वेळा करून पाहिली आहे. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण लागले, तेव्हाचा प्रयोग अधिक स्वदेशी होता. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसणार होते आणि ध्वनिमुद्रिकेची अखेरची रचना 'एक्लिप्स', अर्थात ग्रहण, ही आहे. तेव्हा घरात वेध पाळले जात असताना फ्लॉइडनिष्ठ टू-इन-वन घेऊन गच्चीवर गेला आणि ग्रहणमध्याला ती रचना वाजेल असा हिशेब करून त्याने कॅसेट सुरू केली. सेल उतरू लागले की कॅसेटची गती मंदावते आणि स्वर खाली घसरतो, हा साधा नियम हिशेबात धरलेला नव्हता. 'मनी'पाशी येईपर्यंत गायकाचा आवाज रेड्यासारखा झाला आणि 'एक्लिप्स' सुरू झाली तेव्हा सूर्य बराचसा सुटला होता व खालून अंघोळीसाठी हाका येत होत्या.

शब्दांचा अर्थ हा या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग. मूळ तबकडीच्या घडीच्या वेष्टनावर गीते छापलेली होती, पण कॅसेटच्या प्रतींबरोबर ती येत नसत, म्हणून फ्लॉइडनिष्ठाने ती कानाने ऐकून ड्रॉइंगच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवली आणि जेथे ऐकू आले नाही तेथे स्वतःची भर घातली. ही वही त्याने जपून ठेवली आहे आणि छापील गीतांशी जेथे फरक पडतो तेथे वहीतील पाठ त्याला आजही सरस वाटतो. सर्व गीते वॉटर्सची आहेत आणि ध्वनिमुद्रिका बाहेर आली तेव्हा वॉटर्स २९ वर्षांचा होता. आपल्याला कोणी सांगितलेच नाही आणि दहा वर्षे मागे पडली, अशा आशयाचे जे गीत त्याने तिशीपूर्वी लिहिले, ते फ्लॉइडनिष्ठाने अठराव्या वर्षी, जर्नले लिहायची बाकी असताना, वसतिगृहातील खाटेवर पडून ऐकले आणि इतरांची आयुष्ये किती व्यर्थ जातात म्हणून तो हळहळला. आज तो तेच गीत भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून घेतलेल्या क्षेपकांवर लावतो, क्षेपकांची किंमत सांगतो, आणि हळहळ अजूनही इतरांविषयीच असते. यात ढोंग नाही. एवढ्या वर्षांत गीत त्याच्यापर्यंत पोहोचायला मोकळी जागाच सापडलेली नाही, इतकेच.

जागा सापडली ती भलत्याच ठिकाणी. फ्लॉइडनिष्ठाची पत्नी बहुधा माध्यमिक शाळेत शिक्षिका असते, आणि विषय भूगोल असला तर योग विशेष जुळतो. चंद्राचे स्वतःभोवतीचे परिवलन आणि पृथ्वीभोवतीचे परिभ्रमण या दोहोंस सारखाच, सुमारे २७.३ दिवसांचा काळ लागत असल्यामुळे त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. न दिसणारी बाजू काळी नसून तिच्यावरही ऊन पडते, हे ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सहज बोलून गेली होती. फ्लॉइडनिष्ठाने ते त्या वेळी रूपकाच्या, म्हणजे अलंकाराच्या, आधाराने परतवले. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा सोसायटीच्या सभागृहात जमलेल्या रहिवाशांना त्याने हीच माहिती स्वतःची म्हणून दिली, आणि टाळ्यांच्या गजरात यानाचे पाय टेकल्याचे अनेकांना त्यामुळे उशिरा कळले.

शनिवारच्या बैठकीच्या वेळी ती आतल्या खोलीत, दार लोटून, नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसते. दारातून निरूपण कमी आणि संगीत जास्त झिरपते. क्षेपकांचा रोखही, फर्निचर हलवल्यापासून, त्याच भिंतीकडे आहे. अशा रीतीने गेल्या पंचवीस वर्षांत ही ध्वनिमुद्रिका सलग, शांतपणे आणि अखेरपर्यंत ऐकलेली घरातील एकमेव व्यक्ती ती ठरते. पहिली बाजू संपेपर्यंत सात उत्तरपत्रिका होतात, हे तिला ठाऊक आहे. टोरीबाईंच्या स्वरांच्या वेळी ती पेन खाली ठेवते. 'एनी कलर यू लाइक' ही शब्दांवाचूनची रचना, जी चालू असताना बाहेर नेहमी भजी आणली जातात, ती तिच्या खास आवडीची आहे, परंतु तसे तिला कोणी विचारलेले नाही.

एका बैठकीत, ध्वनिमुद्रिका संपत असताना, शेवटच्या ठोक्यांनंतर निःशब्द पोकळी आहे आणि तीच या कृतीचे सार आहे, असे प्रतिपादन फ्लॉइडनिष्ठ करत होता. पाण्याचा तांब्या घ्यायला बाहेर आलेली पत्नी म्हणाली, "पोकळी कुठली, ठोक्यांच्या मागे बारीक काहीतरी वाजतं की. व्हायोलिनं असावीत. ओळखीची चाल आहे." पाहुणे हसले. फ्लॉइडनिष्ठाने, अज्ञ माणसाशी वागावे तितक्या सौम्यपणे, शेवटचा भाग पुन्हा लावला आणि कान क्षेपकाला टेकवला. काही आवृत्त्यांत अखेरच्या ठोक्यांमागे बीटल्सच्या 'टिकट टू राइड' या गाण्याची वाद्यवृंदावर वाजवलेली धून अगदी अस्पष्ट ऐकू येते. ती ऐकायची तर आवाज वाढवावा लागतो आणि त्या वेळी खोलीत कोणी बोलत असून चालत नाही. पाहुणे गेल्यावर रात्री दीडपर्यंत त्याने आपल्या सर्व प्रती शेवटापासून तपासल्या, कोणत्या प्रतीत धून आहे आणि कोणत्या प्रतीत नाही याचे कोष्टक केले, आणि कॅसेटच्या बाबतीत खरखरीमुळे निर्णय राखून ठेवला. पुढच्या महिन्याच्या बैठकीला नवीन मंडळी होती. ठोके विरू लागताच त्याने हात वर करून सर्वांना थांबवले आणि आता जे सांगणार आहोत ते जगात फार थोड्यांना ठाऊक आहे, अशी प्रस्तावना करून ती धून संपेपर्यंत तो तिच्याविषयी सांगत राहिला.